आर्ची रिंटूलची टीमशीट

आर्ची रिंटूलने माझी ओळख माझ्या करंगळीवरून काढली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या पार्कात एप्रिलमधली संध्याकाळ होती. पाइनच्या पिवळ्या परागाने गाड्या, बाकं, माणसं सगळी माखली होती. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून मी तिथे रोज चकरा मारायचो. आमच्या मॉरिसव्हिलमध्ये आपली माणसं इतकी, की क्रिकेटच्या मैदानावर एका रनआउटसाठी तीन भाषांत भांडण ऐकू येतं. त्या मैदानापलीकडे एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा एकटाच दोरी ताणून गवतावर पांढऱ्या रेषा मारत होता. त्याने मला हात करून बोलावलं आणि काही न विचारता दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरलं, तसा तो माझ्या हाताकडे बघत राहिला. माझी डावी करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली आहे.

"गोलकीपर," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"होतो. तालमीच्या दुसऱ्या टीममध्ये. कोल्हापुरात."

"हाड बसवणारा आंधळा होता काय रे?"

आता एक कबूल करतो. तो नेमकं असंच म्हणाला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आर्चीचं इंग्रजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाणगावातलं. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढूनही मला ते पहिले सहा महिने निम्मंच कळायचं. पण सूर मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा होता. आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद असेच बोलायचे; माया करायची झाली तरी आधी शिवी. त्यामुळे माझ्या आठवणीत आर्ची मराठीच बोलतो आणि मी ते तसंच लिहिणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी स्कॉटलंडला जाऊन ऐकून यावं.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो, पेठांच्या इभ्रतीचा असतो, हरलेल्या पोरांना आठवडाभर गल्लीत मान वर करून चालता येत नाही, हे मी सांगितलं तेव्हा तो रंगाचं यंत्र सोडून गवतावर बसला. लाल माती त्याच्या मोज्यांना लागली. कॅरोलायनाची माती लाल आहे, अगदी आखाड्यासारखी. तोवर मला ते कधी जाणवलं नव्हतं.

"मग तू इथे कम्प्युटरपुढे काय करतोस?" त्याने विचारलं.

"पोट भरतो."

"शनिवारी ये. पाण्याच्या बाटल्या उचलायला माणूस नाही."

माणिक हे नाव त्याला जमेना, म्हणून मी मॅनी झालो. बाटल्यांपासून सुरुवात करून दोन वर्षांत मी त्या टीमचा सेक्रेटरी, धोबी आणि स्वयंपाकी झालो. टीमचं नाव पाइन होलो. उन्हाळ्यापुरती चालणारी अर्धव्यावसायिक टीम. घरांची छपरं घालणारे, विद्यापीठात शिकणारे, पिझ्झाच्या दुकानात राबणारे असे सगळे. मालकाची मोटारींची शोरूम होती आणि त्याला फुटबॉल म्हणजे जाहिरातीचा फलक लावायची जागा वाटायची. खेळाडू आर्चीला 'गॅफर' म्हणायचे. तिकडे मॅनेजरला तसं म्हणतात. मीही गॅफरच म्हणायचो, कारण 'वस्ताद' म्हटलं तर अर्थ सांगत बसावं लागलं असतं.

त्याची कारकीर्द मला सलग कधीच कळली नाही. तुकडे मिळायचे. बापाबरोबर खाणीत उतरायचं नव्हतं म्हणून फुटबॉल. दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात बचावफळीच्या मधोमध, पाच नंबरच्या शर्टात, नऊ सीझन. क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये छतापासून दोरीने चामड्याचा बॉल टांगलेला असायचा आणि रोज सकाळी त्याला डोक्याने शंभर टोले द्यायचे. आमच्याकडे जोर-बैठका, त्यांच्याकडे हे. पावसात भिजलेला बॉल दगडासारखा व्हायचा. "ज्याचं डोकं दुखतं तो बायकोला सांगायचा," आर्ची म्हणायचा, "मॅनेजरला नाही."

मग अमेरिकेत नवी लीग निघाली म्हणून इकडे आला. लीगच बुडाली. मग बर्फाळ गावांतल्या बंदिस्त हॉलमध्ये खेळला, गुडघे गेले, मॅनेजर झाला. सात टीम सांभाळल्या. त्यातल्या चार आज अस्तित्वात नाहीत. "आमच्याकडे हरलास तर खालच्या डिव्हिजनमध्ये जातोस," तो म्हणायचा, "रडतोस, पुढच्या वर्षी परत वर चढतोस. इथं हरलास तर दुकान बंद. वर चढायला शिडीच ठेवत नाहीत लेकाचे." प्रत्येक टीम बंद होताना त्याने एकच वस्तू उचलली होती, ती म्हणजे कोपऱ्यावरचं निशाण. घराच्या गॅरेजमध्ये अशी चार निशाणं उभी होती. पाचवं नको, असं मॉइरा म्हणायची. मॉइरा म्हणजे त्याची बायको. ठेंगणी, करड्या डोळ्यांची, नवऱ्याच्या अर्ध्या उंचीची आणि दुप्पट हुशार.

त्याच्या सवयी मोजायला बसलो तर पानं पुरणार नाहीत. पेनल्टीचा ठिपका तो फुटपट्टीने मोजायचा नाही, बारा पावलं चालायचा आणि टाच दाबायचा. मी एकदा गुपचूप टेपने मोजलं, बोटभरही चूक नव्हती. टीम जिंकली की दारं आदळत ओरडायचा आणि हरली की एक शब्द बोलायचा नाही. "हरलेल्या माणसाला आधी जेवू घालायचं. उपाशी माणसाला अक्कल शिकवू नये." त्यामुळे प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर माझ्या बायकोचा, सुनीताचा, तांबडा रस्सा टीमला मिळू लागला. आर्ची घामाने डबडबून, नाक पुसत, वाटीवर वाटी प्यायचा. "बाई, हे प्यायला मिळतं म्हणून पोरं मुद्दाम हरतील," असं तिला म्हणाला होता. सुनीता त्या दिवसापासून त्याच्या बाजूची झाली.

आणि टीमशीट. मॅचच्या एक तास आधी अकरा जणांची यादी रेफरीला द्यायची असते. सगळ्या टीम ती छापून आणतात. आर्ची हाताने लिहायचा, शिसपेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, एक ते अकरा, खाली माझी सही. लिहिताना कुणी बोललेलं चालायचं नाही. "नाव लिहिताना त्या पोराचा चेहरा डोळ्यापुढे आणायचा. चेहरा आला नाही तर तो आज खेळणार नाही," हा त्याचा नियम. शीट माझ्या हातात देताना म्हणायचा, "दे जा नेऊन." तीन वर्षं, प्रत्येक मॅचला, हेच तीन शब्द.

त्याचा दुसरा नियम याहून कडक होता. डोक्याला लागलं की बाहेर. तो खेळाडू काय म्हणतो ते ऐकायचं नाही, स्कोअर बघायचा नाही. माझ्या दुसऱ्या सीझनला आम्ही जिंकत असताना आमच्या सर्वांत चांगल्या फॉरवर्डला कोपर लागलं. पोरगा हसत उठला. आर्चीने त्याला कॉलर धरून बाहेर आणला. आम्ही हरलो. मालक पार्किंग लॉटमध्ये तावातावाने बोलत होता आणि आर्ची रश्शाची वाटी हातात धरून शांतपणे ऐकत होता.

मालक गेल्यावर त्याने मला टॅमची गोष्ट सांगितली. टॅम म्हणजे सहा नंबर, बचावात आर्चीच्या शेजारी खेळणारा, शाळेपासूनचा दोस्त. कपच्या एका मोठ्या मॅचमध्ये दोन डोकी आपटली आणि टॅम चिखलात पडला. आर्ची कॅप्टन होता. ट्रेनर बादली आणि ओला स्पंज घेऊन धावला. त्या काळी सगळ्या दुखण्यांवर तेवढंच औषध. आर्चीने स्वतः तो स्पंज टॅमच्या मानेवर पिळला, त्याला काखेत हात घालून उभा केला आणि म्हणाला, "ऊठ टॅम, काही झालेलं नाही." टॅम उठला. पुढे कित्येक वर्षं उठत राहिला. साठीही गाठली नव्हती तेव्हा त्याला लेकीचं नाव आठवेनासं झालं आणि शेवटी चमचा कशाला असतो तेही.

"त्याला मी उठवला," आर्ची म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, "मॅनी, ज्या दिवशी मी डोक्याला लागलेला पोरगा परत आत पाठवीन, त्या दिवशी मला बाहेर काढायचं. मी काहीही म्हणालो तरी. आहे कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. आपण काय, कशालाही कबूल म्हणतो.

गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. सुरुवातीला मला काही वाटलं नाही. म्हातारा माणूस, पार्किंगमध्ये गाडी सापडेना, त्यात काय? माझीही सापडत नाही. मग एकदा त्याला पेनल्टीचा ठिपका मारताना पाहिलं. बारा पावलं चालला, थांबला, परत गोललाइनवर गेला. पुन्हा चालला. पुन्हा परत. मी मोजत होतो. तो सात वेळा गेला. शेवटी त्याने टाच दाबली ती भलत्याच ठिकाणी. तो गेल्यावर मी तो ठिपका हिरव्या रंगाने पुसला आणि नीट मारला.

त्यानंतरच्या मॅचला त्याने शीट दिली. "दे जा नेऊन." मी चालता चालता नजर टाकली आणि थांबलो. गोलकीपर बरोबर होता. पुढे शग. जॉकी. पाच नंबरला रिंटूल. सहा नंबरला टॅम. अक्षर तेच, मोठं, ठसठशीत. पन्नास वर्षांपूर्वीची टीम आज संध्याकाळी पाच वाजता नॉर्थ कॅरोलायनात खेळणार होती.

मी गाडीत जाऊन बसलो. नवा कागद घेतला. त्याच्यासारख्याच मोठ्या अक्षरांत आमच्या अकरा जणांची नावं लिहिली आणि रेफरीला नेऊन दिली. आपण काही चुकीचं करतोय असं तेव्हा मनात आलं नाही. शाळेत मित्राच्या प्रगतिपुस्तकावर त्याच्या बापाची सही ठोकताना वाटतं, तेवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आर्ची गॅरेजमध्ये निशाणं पुसत होता. मॉइराने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. निदान होऊन एक." तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः उभीच राहिली. "त्याला माहीत आहे. रोज सकाळी माहीत असतं. दुपारपर्यंत विसरतो."

"मग त्याला टीमवर का पाठवतेस?"

"कारण मैदानावर तो अजून आर्ची असतो. घरात नसतो." मग मात्र ती खुर्चीवर बसली. "या सीझनपुरतं, मॅनी. प्लेऑफपर्यंत. टीम काढून घेतली तर तो महिनाभर टिकणार नाही. मी पाया पडू का तुझ्या?"

पाया पडते असं ती म्हणाली नसणार. त्यांच्यात कुठे पडतात? पण तिने माझे दोन्ही हात धरले होते आणि सोडत नव्हती. मी परत कबूल म्हणालो.

आमच्या इथे डॉक्टर देवपुजारी काका आहेत. मूळ नागपूरचे, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेले, मेंदूचे डॉक्टर, आता निवृत्त. घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन आमच्या मॅच बघायला यायचे. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "काका, माझ्या एका मित्राच्या ओळखीत एक पेशंट आहे."

"तो पेशंट आत्ता उलटी टोपी घालून बेंचवर बसलाय तोच ना?" काका म्हणाले. "मी महिनाभर बघतोय माणिकराव. त्याला ड्राइव्ह करू देऊ नका. आणि क्लबला सांगा."

"सीझन संपला की सांगतो."

"मेंदूला सीझन कळत नाही हो."

ड्रायव्हिंग मी बंद करवलं. आर्चीला मीच आणायचो, मीच सोडायचो. क्लबला मात्र सांगितलं नाही. सुनीता घरी म्हणाली, "अहो, हे कव्हरअप आहे. उद्या काही झालं तर लोक तुम्हाला विचारतील." मी तिच्यावर खेकसलो. माणूस चूक करत असताना बायको बरोबर बोलली की फार राग येतो.

आणि खरं सांगायचं तर कव्हरअप मी एकटाच करत नव्हतो. आमचा सहा नंबर लुईस, छपरं घालायचा, एल साल्वाडोरचा, उन्हाने रापलेला, अबोल पोरगा. एकदा मोजे गोळा करताना मला म्हणाला, "मॅनी, गॅफर मला टॅम म्हणतो."

"मग तू काय म्हणतोस?"

"येस गॅफर म्हणतो." त्याने मोजा उलटा करून माती झटकली. "माझ्या आजोबांनाही असंच झालं होतं. नाव दुरुस्त केलं की ते घाबरायचे."

सात मॅच. सात वेळा आर्चीने मला स्कॉटलंडची टीम दिली आणि सात वेळा मी गाडीत बसून ती बदलली. पोरं आपापसात डाव ठरवायची. आर्ची टचलाइनवर उभा राहून ओरडायचा आणि त्याचं ओरडणं अजून अचूक असायचं. कोण चुकीच्या जागी उभा आहे, कुठली बाजू उघडी पडली आहे, हे त्याला दिसायचं. फक्त तो खेळाडू कोण आहे हे आठवायचं नाही. आम्ही जिंकत गेलो. त्याच्या हाताखालची ही सर्वांत चांगली टीम ठरणार, असं सगळे म्हणत होते. मालकाने सांगून टाकलं होतं, प्लेऑफ गाठलं तर पुढचं वर्ष, नाहीतर टीम बंद. गॅरेजमध्ये पाचवं निशाण.

शेवटची मॅच बाहेरगावी होती, दोन तासांवर. बरोबरी झाली तरी प्लेऑफ आमचं होतं. जुलैचं दुपारचं ऊन, हवेत ओल इतकी की शर्ट अंगाला चिकटलेले. पंधरा-वीस मिनिटं उरली होती, एक-एक असा स्कोअर होता आणि आमचे सगळे बदली खेळाडू वापरून झाले होते. त्यांचा एक उंच पास आला. लुईस आणि त्यांचा फॉरवर्ड एकदम उडाले. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज बेंचपर्यंत आला.

त्यांच्या पोराची भुवई फाटली, रक्त वाहू लागलं. दुखापती बघणारी मैदानावरची ट्रेनर साहजिकच त्याच्याकडे धावली. लुईसला रक्त नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला होता, हात जमिनीवर टेकून. आणि माझ्याआधी आर्ची पोचला. त्याच्या हातात आमच्या बर्फाच्या पेटीतला ओला टॉवेल होता. त्याने तो लुईसच्या मानेवर पिळला, काखेत हात घातले आणि त्याला उभा केला.

"ऊठ टॅम," आर्ची म्हणाला. "काही झालेलं नाही."

लुईसने माझ्याकडे पाहिलं नाही. "येस गॅफर," म्हणाला आणि आत गेला.

मी बेंचवर परत येऊन बसलो. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय, पण बसलो हे खरं आहे. पुढची चार मिनिटं मी बसून होतो. मनात हिशेब चालला होता. लुईस बाहेर आला तर आम्ही दहा जण. दहा जण म्हणजे गोल खाणार. गोल खाल्ला की टीम बंद, टीम बंद की आर्ची संपला. आणि त्याने लुईसला पाठवलं असताना मी ओढून आणला, तर का आणला हे सगळ्यांना सांगावं लागणार. कोल्हापुरातल्या गोलकीपरला शिकवतात, बाहेर यायचं तर लगेच ये, नाहीतर येऊ नको. अर्ध्यात उभा राहिलास की मेलास. मी अर्ध्यात उभा होतो.

मग त्यांना कॉर्नर मिळाला. लुईस सगळ्यांच्या वर उडाला आणि डोक्याने बॉल पार मधल्या रेषेपर्यंत उडवून लावला. आमचा अख्खा बेंच ओरडला. आर्चीने दोन्ही मुठी वर केल्या. लुईस खाली आला, दोन पावलं चालला आणि उभा राहिला. तोंड आमच्याच गोलकडे होतं. सगळे पुढे धावत होते आणि तो आमच्या गोलीकडे तोंड करून हात फैलावून उभा होता, कुणीतरी पास देईल म्हणून वाट बघत.

मी उठलो. रेषा ओलांडली, रेफरीला हात केला आणि ओरडलो, "सहा नंबर बाहेर! डोक्याला लागलंय!"

शिट्टी वाजली. मी लुईसच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणत होतो आणि आर्ची माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझा माणूस आहे तो! सोड त्याला!"

"गॅफर, तुमचाच नियम आहे."

"कोण तू?" तो म्हणाला. "कोण तू माझा माणूस काढणारा?"

ते त्याने रागाने विचारलं, की खरंच विचारलं, हे मला अजून माहीत नाही. मी लुईसला सावलीत बसवलं, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, ट्रेनरला बोलावलं. दहा जण जिवाच्या आकांताने खेळले. शेवटच्या शिट्टीला दोन मिनिटं असताना आम्ही गोल खाल्ला. पोरं जिथे होती तिथे आडवी झाली. आर्ची टचलाइनवर तसाच उभा होता, हातात तो ओला टॉवेल, आणि त्यातून पाणी त्याच्या बुटावर गळत होतं. मी रश्शाचं पातेलं गाडीतून काढलंच नाही.

त्या संध्याकाळी मी क्लबला सगळं सांगितलं. शीट, ठिपका, सगळं. लुईसला तीन महिने छपरावर चढायला डॉक्टरांनी बंदी केली. उजेड सहन होत नव्हता, जिना उतरताना भिंत धरावी लागायची. सुनीता डबे पाठवायची. मी भेटायला गेलो की तो म्हणायचा, "तू काढलंस ना मला, मॅनी." मला ते सहन व्हायचं नाही. काढलं चार मिनिटं उशिरा. आणि त्याआधी सात मॅच उशिरा. मी पहिलीच शीट बदलली नसती तर तो माणूस त्या दिवशी टचलाइनवर नसता आणि लुईसला उठवायला कुणी ओला टॉवेल घेऊन धावलं नसतं. देवपुजारी काकांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. त्यांनी टोचलं असतं तर बरं झालं असतं.

टीम बंद झाली. मॉइरा म्हणाली होती तसंच झालं. महिन्याभरात आर्ची घरातूनही निघून गेला, म्हणजे होता तिथेच, खुर्चीत, पण गेला. एकदा सकाळी पायात मोजे घालून तो हमरस्त्याच्या कडेने चालताना सापडला. नाताळच्या आधी तिने त्याला विसराळू म्हाताऱ्यांच्या केंद्रात ठेवलं. दारं आपोआप बंद होणारं, स्वच्छ, फिनेलच्या वासाचं. तिने मला दोष दिला नाही. पण तीन महिने फोनही केला नाही.

मार्चमध्ये तिचा मेसेज आला: ये एकदा. मी गेलो.

आर्ची खिडकीशी टेबलाला बसला होता. अंगावरचं मांस गेलं होतं, हाडांचा सांगाडा तेवढा तसाच मोठा. बाहेर एक माणूस गवत कापत होता आणि आर्ची त्याच्याकडे वैतागाने बघत होता. कापणारा तिरका चालला होता. मी समोर बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, सभ्यपणे, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसं. मी हात टेबलावर ठेवला. करंगळीवर त्याची नजर गेली, जरा थांबली आणि सरकली.

"आज मॅच आहे," तो म्हणाला.

"किती वाजता?"

"तीनला. शीट द्यायची राहिलीय." त्याच्यापुढे कागद होता, केंद्राच्या जेवणाच्या मेनूची पाठकोरी बाजू. हातात शिसपेन्सिल. शीट लिहिताना बोललेलं त्याला चालत नाही. तो एकेक नाव लिहीत होता आणि प्रत्येक नावाआधी डोळे मिटत होता. अक्षर आता डळमळीत, पण मोठंच. वीसेक मिनिटं गेली. मॉइरा दारात उभी होती.

लिहून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचला. गोली. शग. जॉकी. पाच नंबर रिंटूल. सातपासून अकरापर्यंत सगळे. सहा नंबरपुढे काही नव्हतं.

मला वाटलं, त्याच्या आठवणीतून टॅमही गेला शेवटी. "गॅफर," मी म्हणालो, "टॅमचं नाव राहिलं."

आर्चीने मान हलवली.

"त्याच्या डोक्याला लागलंय. तो म्हणतो बरा आहे. त्याचं ऐकायचं नाही. बाहेर."

"मग दहाच जण होतात."

"दहाच," तो म्हणाला. "हरू. हरलो तर हरलो." आणि कागद माझ्याकडे सरकवला. "दे जा नेऊन."

माझ्या खिशात पेन होतं. मी कागदाच्या खाली, सेक्रेटरीच्या जागी, सही केली. कागद घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. शेजारच्या खोलीत कुणाचा तरी टीव्ही चालू होता. रेफरी तिथे कुणी नव्हता. जरा वेळ थांबून मी आत गेलो.

"दिली?" आर्चीने खिडकीतून नजर न काढता विचारलं.

"दिली," मी म्हणालो. "होती तशीच दिली."